११२ प्रस्ताव, २७ जागा: एका ड्रुपल संमेलनाचं वेळापत्रक कसं बसलं

ड्रुपल हे वेबसाइट बांधायचं आणि चालवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याच्या सातव्या आवृत्तीला, म्हणजे ड्रुपल ७ ला, ५ जानेवारी २०२५ नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, हे २०२४ च्या मध्यापर्यंत समुदायात सगळ्यांना पाठ झालं होतं. तरी कितीतरी साइट्स जागच्या हलल्या नव्हत्या. त्याला कारणही होतं. ही मुदत मुळात नोव्हेंबर २०२१ ची. ती आधी २०२२ वर गेली, मग २०२३ वर आणि शेवटी जानेवारी २०२५ वर. तीनदा ‘लांडगा आला’ ऐकल्यावर चौथ्यांदा कोण उठतं? दुसरीकडे मे २०२४ मध्ये पोर्टलंडच्या ड्रुपलकॉन या मोठ्या संमेलनात ड्रुपलचे जनक ड्रीस बायटार्ट यांनी ‘स्टारशॉट’ची घोषणा केली होती. कोड न लिहिणाऱ्या माणसालाही उतरवून घेऊन लगेच वापरता येईल, असं बरंच काही आधीच जोडून दिलेलं ड्रुपल. म्हणजे एक मोठा गट मागे अडकलेला आणि समुदायाचं तोंड पुढे. अशा वेळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये भरणाऱ्या एका मध्यम आकाराच्या ड्रुपल संमेलनाची सत्रं निवड समितीनं कशी ठरवली, त्याचं हे प्रकरण.

हे संमेलन अभ्यासासाठी रचलेलं आहे आणि त्याचे आकडे त्याच्यापुरतेच आहेत. ज्यांनी एकदा तरी अशा समितीत काम केलंय त्यांना त्यातली माणसं आणि वाद ओळखीचे वाटतील. ड्रुपलच्या तारखा, आवृत्त्या आणि मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचे कोडचे संच) मात्र खरे.

हाताशी काय होतं

दोन दिवस सत्रं आणि तिसरा दिवस योगदानाचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून ड्रुपलवर काम करायचा. दोनशे खुर्च्यांचं एक सभागृह, सत्तर-सत्तरच्या दोन खोल्या. शिवाय एक लहान खोली, जिथे दारावरच्या कागदावर विषय लिहायचा आणि जे जमतील त्यांच्याशी बोलायचं. ड्रुपलवाले याला बॉफ म्हणतात. सत्रांच्या तीन खोल्यांत दिवसाला पाच-पाच स्लॉट, प्रत्येकी ४५ मिनिटांचे: ३५ बोलायला, १० प्रश्नांना. दोन दिवसांचे मिळून ३० स्लॉट. त्यातले तीन प्रायोजकांना आधीच शब्द दिलेले. उरले २७.

समिती सहा जणांची. ड्रुपलच्या कोअरमध्ये, म्हणजे मूळ गाभ्यात, कोड देणारे दोघे, एका एजन्सीचा प्रोजेक्ट मॅनेजर, एक फ्रंट-एंड (पानाची दिसणारी बाजू) डेव्हलपर, एका विद्यापीठाच्या साइट्स सांभाळणारा सिस्टिम ॲडमिन, आणि अशी दोन-तीन संमेलनं पार पाडलेली संयोजिका. सहांत एकही कंटेंट एडिटर नव्हता. पुढचं निम्मं रामायण त्यामुळेच घडलं.

प्रस्ताव घ्यायला प्रीटॅल्क्स वापरलं. ते स्वतःच ओपन सोर्स आहे, आणि वाचणाऱ्याला प्रस्ताव पाठवणाऱ्याचं नाव दिसू न देण्याची सोय त्यात आहे. ही सोय पहिल्या फेरीत चालू ठेवायची, असं ठरलं. त्यामागचा विचार सरळ होता: नाव दिसलं की ओळखीच्या माणसाच्या कच्च्या प्रस्तावातसुद्धा आपण आपल्याच मनानं चांगलं सत्र भरून घेतो, आणि अनोळखी माणसाच्या बऱ्या प्रस्तावात खोट काढत बसतो.

ऑगस्टअखेर ११२ प्रस्ताव जमले. एआयवर २३, ड्रुपल ७ वरून पुढे जाण्यावर १९, वेग, सर्व्हर आणि डिप्लॉयमेंटवर (कोड चालू साइटवर चढवण्यावर) १८, फ्रंट-एंड आणि डीकपल्डवर (दिसणारी बाजू ड्रुपलपासून वेगळी ठेवण्यावर) १४, एजन्सीच्या धंद्यावर ११, स्टारशॉटवर ९, समुदाय आणि योगदानावर ८, ॲक्सेसिबिलिटीवर (साइट अपंगांनाही वापरता येण्यावर) ६. उरलेल्या चारांत तीन कंटेंटच्या कामाविषयीचे, आणि अगदी नवख्यांसाठी एक. फक्त एक.

सगळ्यांनी सगळं वाचायचं तर एका प्रस्तावाला पाच मिनिटं धरली तरी माणशी सव्वानऊ तासांच्या वर जातात. स्वयंसेवक नोकरी सांभाळून हे करतात. सत्तराव्या प्रस्तावाला पाच मिनिटं कुणी देत नाही, दीड मिनिट देतो आणि ३ गुण टाकून पुढे जातो. म्हणून प्रत्येक प्रस्ताव तिघांनीच वाचायचा, असं ठरलं. माणशी ५६ आले, म्हणजे पावणेपाच तासांचं काम. वाचायचा क्रमही प्रत्येकाला वेगळा दिला, नाहीतर यादीच्या शेपटाकडचे प्रस्ताव सगळ्यांच्याच थकव्याच्या वाट्याला येतात. १ ते ५ गुण आणि एका ओळीची टिप्पणी. टिप्पणी सक्तीची. हा नियम पुढे फार कामाला आला.

गुणांची यादी

सरासरी काढून वरचे २७ उचलले. ड्रुपल ७ वरून मायग्रेशनची ९ सत्रं, एआयची ७, वेग आणि सर्व्हरची ५, स्टारशॉटची ४, ॲक्सेसिबिलिटीची २. सत्तावीस सत्रांना माणसं एकवीस, कारण सहा जणांचे दोन-दोन प्रस्ताव वर आले होते. यादी पाहून पाच जण खूश. एकेक प्रस्ताव उघडून पाहिला तर खरंच चांगला होता.

संयोजिकेनं एवढंच विचारलं: पहिल्यांदाच येणारा माणूस पहिल्या दिवशी सव्वाअकराला कुठे बसेल?

कुणाला उत्तर देता येईना. सव्वाअकराला तीन खोल्यांत तीन सत्रं होती: मजकूर नव्या साइटमध्ये नेणाऱ्या मायग्रेट मॉड्यूलसाठी स्वतःचे प्रोसेस प्लगिन लिहिणं, रेडिसचं कॅशिंग (पानं पटकन दिसावीत म्हणून तयार ठेवणं), आणि एआयला ड्रुपलच्या शोधाशी जोडणं. बारा वाजताची तीनही त्याच जातीची.

मग नोंदणीची माहिती काढली. नोंदणीच्या वेळी दोन साधे प्रश्न विचारले होते, तुमची साइट कोणत्या आवृत्तीवर आहे आणि तुमचं काम काय. तोवर २६० जणांनी नाव नोंदवलं होतं. त्यातले ८८ अजून ड्रुपल ७ वर. ६१ जण कोड लिहीत नाहीत. कुणी एडिटर, कुणी ग्रंथपाल, कुणी संस्थेतला असा माणूस ज्याच्या गळ्यात वेबसाइट येऊन पडलेली. आणि ७० जण अशा संमेलनाला पहिल्यांदाच येणारे. गुणांनी काढलेल्या यादीत या ६१ जणांसाठी जेमतेम दोन सत्रं होती, तीही ॲक्सेसिबिलिटीची.

कोअरवाल्यांपैकी एकाचं म्हणणं होतं की लोकांनी जे पाठवलं तेच आपण निवडणार. प्रस्तावच आले नाहीत त्याला समिती काय करणार? हा युक्तिवाद मी अनेक ठिकाणी ऐकलाय आणि तो मला कधीच पटलेला नाही. प्रस्ताव पाठवतात ती माणसं वेगळी आणि ऐकायला येतात ती वेगळी. बोलायची सवय, प्रवासाचा खर्च देणारी कंपनी आणि सांगण्यासारखं झळाळतं काम हे तिन्ही ज्यांच्याकडे आहे, ते प्रस्ताव पाठवतात. ज्याची साइट २०११ पासून ड्रुपल ७ वर आहे आणि ती बनवणारा माणूस केव्हाच सोडून गेलाय, तो ‘मला काहीच कळत नाहीये’ या विषयावर प्रस्ताव पाठवत नाही. आणि गुण दिले जातात एकेका प्रस्तावाला, स्वतंत्रपणे. नऊ मायग्रेशन सत्रांपैकी प्रत्येक सत्र ४.३३ चं असू शकतं. नऊही एकत्र ठेवल्यावर चौथ्यापासून पुढच्यांची किंमत किती उरते, हे त्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

५, ५ आणि १

समितीनं गुणांची यादी फेकून दिली नाही, वेगळ्या तऱ्हेनं वाचली. आधी सरासरीऐवजी मतभेदावर क्रम लावला. ज्या प्रस्तावाच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांत ३ किंवा अधिक फरक होता, तो सहाही जणांनी पुन्हा वाचायचा. असे चौदा निघाले.

त्यातला एक जरा जवळून बघण्यासारखा आहे. शीर्षक होतं ‘एडिटरच्या तक्रारी’. दोनशे शब्दांच्या गोषवाऱ्याची मुभा होती, बाईंनी तीन ओळी लिहिल्या होत्या: ‘मी आठवड्याला चाळीसेक पानं प्रकाशित करते. प्रत्येक पानाला एकोणीस रकाने आहेत, त्यातले सहा कशासाठी आहेत हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते भरताना मी काय करते ते पडद्यावर करून दाखवेन.’

गुण: ५, ५ आणि १. सरासरी ३.६७. यादीची रेघ ४ ला पडली होती, म्हणजे हा प्रस्ताव बाहेर. त्याच यादीत कॅशिंगच्या मूलतत्त्वांवरचा एक प्रस्ताव ४, ४, ४ घेऊन आत बसला होता. नीटनेटका, निर्दोष आणि असा की तशी व्हिडिओ डझनभर सापडतील. त्याच्याखालच्या तिन्ही टिप्पण्या जवळपास सारख्याच: चांगला, उपयुक्त, मांडणी व्यवस्थित. एडिटरच्या प्रस्तावाखाली मात्र १ गुण देणाऱ्यानं लिहिलं होतं, ‘तांत्रिक मुद्दा नाही. तक्रार म्हणजे सत्र नव्हे.’ पाच देणाऱ्या फ्रंट-एंडवालीनं लिहिलं होतं, ‘हे बघितल्यावर मी माझ्या फॉर्ममधले निम्मे रकाने काढून टाकीन.’

दुसऱ्यांदा वाचताना १ गुण देणारा म्हणाला, शीर्षक बदलणार असेल तर माझी हरकत नाही. बाईंनी शीर्षक बदललं नाही. सत्र तरीही घेतलं, आणि सभागृहात नेऊन ठेवलं. चौदांपैकी असे पाच शेवटी आत आले. सरासरी काढली की जिच्यावर कुणाचीच हरकत नाही ती गोष्ट तरते. हा काही ड्रुपलचा दोष नाही, गणिताचाच आहे. फरकावर क्रम लावायला स्प्रेडशीटमध्ये एक रकाना वाढवावा लागतो, बस.

दुसऱ्या फेरीत नावं उघडली. तोवर ती झाकलेली होती ते बरं, पण शेवटपर्यंत झाकून चालत नाही. आपण हजारो पानं नव्या आवृत्तीत नेली असं सांगणाऱ्यानं ती खरंच नेलीत की कंपनीतल्या दुसऱ्या कुणी, हे विचारावं लागतं. आणि एका माणसाला एकच सत्र हा नियमही नावं कळल्याशिवाय लावता येत नाही. सहा जणांना दोनातलं एक निवडायला सांगितलं, तशा सहा जागा सुटल्या.

प्रत्येक तासाला एक खुर्ची

मग वेळापत्रकाचा रिकामा तक्ता पुढ्यात घेऊन समितीनं चार माणसं कल्पिली. ड्रुपल ७ वर अडकलेला साइटमालक. पहिल्यांदाच येणारी डेव्हलपर, जिनं दुसऱ्या एखाद्या सीएमएसमध्ये, म्हणजे ड्रुपलसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये, काम केलंय. कोड न लिहिणारी एडिटर. आणि दहा वर्षं या समुदायात मुरलेला माणूस, ज्याला प्राथमिक काहीही ऐकायचं नाही. कसोटी एकच: दोन्ही दिवस, प्रत्येक तासाला, या चौघांतल्या प्रत्येकाला बसावंसं वाटेल अशी किमान एक खोली आहे का? एकच सत्र दोघांना चालू शकतं. तिन्ही खोल्या एकाच माणसाच्या असू शकत नाहीत.

कसोटी सोपी वाटते, पण तिनं सगळं उलथापालथ केलं. एआयची सत्रं सातावरून तीनावर आली. मुरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दुपारी दोनला कुठेच जागा नव्हती, त्याच्यासाठी वगळलेला एक प्रस्ताव परत आणावा लागला. नवख्यांसाठी तीन सत्रं लागत होती आणि हातात प्रस्ताव एक. उरलेली दोन मागवून घेतली. म्हणजे ओळखीतल्या दोघांना थेट विचारलं, की तू नव्या माणसाला एंटिटी, बंडल आणि फील्ड (ड्रुपलमध्ये मजकुराचे प्रकार आणि त्यांचे रकाने) हे प्रकरण चांगलं समजावतोस, ते अर्ध्या तासात मांडशील का. यावर समितीत कुरबूर झाली. प्रस्ताव न पाठवलेल्याला जागा दिली तर पाठवलेल्यांवर अन्याय नाही का? संयोजिकेनं मागवलेल्या सत्रांवर वेळापत्रकात तसं स्पष्ट छापलं आणि विषय तिथेच संपवला. माझ्या मते बरोबर केलं.

आता मायग्रेशन. हा या प्रकरणाचा गाभा, कारण इथे प्रस्ताव चांगलेही होते आणि भरपूरही.

ड्रुपल ७ वरून पुढे जाणं म्हणजे अपडेटचं बटण दाबणं नव्हे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ नं आतला पाया सिम्फनी या तयार कोडसंचाच्या घटकांवर नेला आणि पानांच्या साच्यांसाठी (टेम्प्लेट) ट्विग ही नवी भाषा आणली. त्यामुळे जुनी थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा कोड, जशीच्या तशी चालत नाही, स्वतः लिहिलेली मॉड्यूल पुन्हा लिहावी लागतात आणि मजकूर मायग्रेट मॉड्यूलमधून नव्या साइटमध्ये ओढून आणावा लागतो. ८ वरून ९ आणि ९ वरून १० ला जाणं त्या मानानं हलकं. कालबाह्य ठरवलेला कोड काढून टाकला की बरंचसं काम होतं, आणि अपग्रेड स्टेटस हे मॉड्यूल तो कोड शोधूनही देतं. खरी दरी ७ आणि ८ च्या मध्ये आहे. नऊपैकी सहा प्रस्ताव याच दरीवर आणि एकाच साच्यातले: मुदत संपतेय, मायग्रेट मॉड्यूल असं चालतं, आमच्या ग्राहकाची साइट आधी अशी होती आणि नंतर अशी, शिकलेले धडे.

पण अडकलेल्या साइटमालकाचा पहिला प्रश्न मायग्रेट मॉड्यूल कसं चालतं हा नसतोच. त्याला ठरवायचं असतं की ही साइट पुढे न्यायची, नव्यानं बांधायची, की नुसती स्थिर पानं काढून जपून ठेवायची. की पैसे देऊन कुणाकडून मुदतीनंतरचा आधार विकत घ्यायचा आणि वर्षभर श्वास घ्यायचा. यावर नऊपैकी एकही प्रस्ताव नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. मायग्रेशन करून देणाऱ्या एजन्सीनं ‘तुम्हाला मायग्रेशनची गरज नसेलही’ असं सत्र स्वतःहून का पाठवावं?

समितीनं चार सत्रं आखली. पहिलं निर्णयाचं. दुसरं मायग्रेट मॉड्यूलच्या प्रत्यक्ष कामाचं. तिसरं थीम आणि स्वतःच्या मॉड्यूलचं. चौथं म्हणजे रखडलेल्या एका मायग्रेशनची गोष्ट, जी नऊत होतीच आणि गुणांनी नववी आली होती. मग उरलेल्या आठ जणांना पत्र गेलं. त्यातला मुख्य भाग असा:

‘तुमचा प्रस्ताव आम्हाला आवडला आहे, आणि त्याच विषयावर तितकेच चांगले आणखी पाच आले आहेत. सगळे घेतले तर श्रोत्याला एकच गोष्ट सहा वेळा ऐकावी लागेल. तुम्ही आणि सोबत नाव दिलेले वक्ते मिळून एक सत्र कराल का? जमणार नसेल तर तसं मोकळेपणानं कळवा. मग दोघांपैकी कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू आणि दुसऱ्यांना कारण सांगू.’

पाच जणांनी होकार दिला. दोघांनी नम्रपणे माघार घेतली. एकजण रागावला, त्याचं म्हणणं, माझ्या कंपनीची पद्धत मी प्रतिस्पर्ध्यासोबत एका मंचावर कशी सांगू? हे म्हणणं चूक नव्हतं. जोडी लावताना दोघं एकाच बाजारातले आहेत का हे आधी बघायला हवं होतं, आणि ते कुणी बघितलं नव्हतं.

बॅकड्रॉपचा वाद

निर्णयाच्या सत्रावरून सगळ्यात मोठी ठिणगी पडली. बॅकड्रॉप सीएमएस हे ड्रुपल ७ पासून फुटून निघालेलं सॉफ्टवेअर, पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ ची. ड्रुपल ७ ची साइट बॅकड्रॉपवर नेण्याचा मार्ग त्यात आहे, आणि लहान संस्थेच्या साध्या साइटला तो ड्रुपल १० पेक्षा कमी खर्चाचा पडू शकतो. निर्णयाचं सत्र प्रामाणिक असायचं तर हा पर्याय सांगायला हवा. पण ड्रुपलच्या संमेलनात, ड्रुपलवाल्यांच्या वर्गणीवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जा असं सांगायचं का?

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, प्रायोजक विचारतील. कोअरमधल्या दोघांत एकमत होईना. सिस्टिम ॲडमिन तोवर फारसा बोलला नव्हता. त्यानं सांगितलं की त्याच्या विद्यापीठात ड्रुपल ७ च्या काही साइट्स अशा आहेत ज्यांना ड्रुपल १० वर न्यायला माणूस मिळणार नाही, पैसाही मिळणार नाही. त्या मुदतीनंतर तशाच उघड्या पडून राहतील. असं असताना पर्यायाचा उल्लेखच करायचा नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तोडगा असा निघाला: निर्णयाच्या सत्रात सगळे पर्याय दहा मिनिटांत सांगायचे, बॅकड्रॉपसह, कुणाचीही भलामण न करता. बॅकड्रॉपवर वेगळं सत्र नाही, पण कुणाला बॉफच्या खोलीत घ्यायचं असेल तर घेऊ द्यायचं. मला हा तोडगा थोडा भित्रा वाटतो. एक पूर्ण सत्र दिलं असतं तर काही आकाश कोसळलं नसतं. दोन्ही समुदायांत पूर्वीपासूनची ओळखीची माणसं आहेत.

जे अजून तयारच नाही त्यावर सत्र

स्टारशॉटची अडचण वेगळी. प्रस्ताव ऑगस्टमधले, संमेलन नोव्हेंबरमधलं. ‘ड्रुपल सीएमएस’ या नावानं त्याची १.० आवृत्ती आली ती १५ जानेवारी २०२५ ला. म्हणजे वक्ते अशा गोष्टीवर बोलणार होते जी प्रस्ताव लिहिताना निम्मी कल्पनेत होती आणि बोलताना निम्मी घडत असणार. ऑगस्टमधल्या गोषवाऱ्यावर गुण देणं म्हणजे निव्वळ अंदाज. समितीनं तीन स्लॉट या विषयाला ठेवले, दोन वक्ते ठरवले आणि तिसरा स्लॉट फक्त ‘ड्रुपल सीएमएस: आजची स्थिती’ एवढ्या नावानं छापला. वक्ता संमेलनाच्या तीन आठवडे आधी ठरेल, ज्याच्या हातात त्या वेळी प्रत्यक्ष काम असेल तो. छापील वेळापत्रकात रिकामं नाव पाहून काही जण कुजबुजले. पण वेगानं बदलणाऱ्या विषयाला असा एखादा उशिरा भरायचा स्लॉट ठेवणं शहाणपणाचंच.

प्रायोजकांचं फार सांगण्यासारखं नाही. एकाला बीजभाषण हवं होतं, ते विकायला नाही असं सांगितलं. तिघांची सत्रं वेळापत्रकात वेगळ्या रंगात आणि ‘प्रायोजित’ या शब्दासह छापली.

कुठल्या खोलीत, किती वाजता

सत्र निवडणं आणि ते बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला नेहमी कमी वेळ मिळतो. इथेही सगळं एका संध्याकाळी उरकलं.

पहिल्यांदाच बोलणाऱ्यांना दुसऱ्या दिवशीचा शेवटचा स्लॉट द्यायचा नाही, हे आधी ठरलं. तोवर लोक बॅगा उचलतात, आणि नव्या वक्त्याला रिकाम्या होत जाणाऱ्या खोलीसमोर बोलावं लागतं. तो स्लॉट नावाजलेल्या माणसाला द्यावा. त्याच्यासाठी लोक थांबतात. दोन ॲक्सेसिबिलिटी सत्रं एकाच वेळी पडली होती ती वेगळी केली. निर्णयाचं सत्र पहिल्या दिवशी सव्वाअकराला, म्हणजे ते ऐकून ज्याला जे लागेल ते पुढच्या दोन दिवसांत निवडता येईल. मायग्रेशनची उरलेली तिन्ही त्याच्यानंतर.

योगदानाच्या दिवसाचा प्रश्न मात्र बारकाईनं बघावा लागला. नवी माणसं मोठ्या उत्साहानं तिसऱ्या दिवशी येतात, आणि दुपारपर्यंत लॅपटॉपवर ड्रुपल उभं करण्यातच अडकतात. डीडेव्ह हे साधन वापरलं तर काम सोपं होतं, पण ते डॉकर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि पहिल्या वेळी त्याच्या इमेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरवाव्या लागतात, प्रत्येकी शेकडो मेगाबाइट. चाळीस जणांनी एकाच वाय-फायवर एकाच वेळी ते सुरू केलं की नेटचा जीव जातो आणि स्वयंसेवक मोबाइलचे हॉटस्पॉट वाटत फिरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला ‘उद्यासाठी लॅपटॉप तयार करूया’ असं सत्र ठेवलं. इमेज आधीच भरलेले पेनड्राइव्ह, एक स्वयंसेवक प्रत्येक रांगेला, आणि शेवटी प्रत्येकाच्या पडद्यावर चालणारी साइट. गुणांच्या यादीत असलं सत्र कधीच आलं नसतं, कारण त्यात सांगण्यासारखं नवीन काही नाही.

काय झालं

निर्णयाचं सत्र सत्तरच्या खोलीत ठेवलं होतं. ८८ जण ड्रुपल ७ वर आहेत हे नोंदणीतून माहीत असताना सत्तरची खोली! लोक भिंतीला टेकून उभे राहिले, काही दारातून परतले. प्रश्नांची दहा मिनिटं पुरली नाहीत आणि मंडळी थेट बॉफच्या खोलीत सरकली. तिथे बॅकड्रॉपवाल्यांनी आधीच कागद लावला होता, त्यामुळे तो वाद आपोआप तिथे गेला आणि बराच शांतपणे पार पडला.

जोडून दिलेल्या सत्रांपैकी एक छान झालं. एकानं मजकुराची बाजू घेतली, दुसरीनं फाइल्स आणि वापरकर्त्यांची. दुसरं फसलं: पहिल्या वक्त्यानं ३५ पैकी २८ मिनिटं खाल्ली आणि दुसऱ्याला सात मिनिटांत थीमचं गाडं हाकावं लागलं. दोघांनी एकत्र सराव केलेलाच नव्हता. सत्रं जोडायची तर संमेलनाआधी दोघांना एकदा एकत्र बोलून बघायला लावणं समितीच्या कामात धरायला हवं.

एडिटरबाईंनी सभागृहाच्या पडद्यावर आपली साइट उघडली, एक पान बनवायला घेतलं आणि एकोणीस रकान्यांतल्या सातव्याशी थांबून श्रोत्यांना विचारलं, यात काय भरायचं? दीडशे डेव्हलपर बसले होते. चार वेगवेगळी उत्तरं आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक नवे लोक तासाभरात इश्यूवर, म्हणजे ड्रुपलमधल्या नोंदवलेल्या कामांवर, लागले, एवढं डीडेव्हच्या सत्रानं साधलं.

तक्रार आली ती मुरलेल्या गटाकडून. चार माणसांच्या कसोटीत त्यांना तासाला एक खोली मिळत होती, पण एकच. ते सत्र आवडलं नाही तर दुसरीकडे जायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी त्यातले बरेच जण सगळा वेळ बॉफच्या खोलीत होते. कोअरमधल्या ज्या सदस्यानं सुरुवातीला हरकत घेतली होती, त्यानं पुढच्या वर्षासाठी लेखी मागणी ठेवली आहे: तीनपैकी एक खोली पूर्णपणे खोल तांत्रिक विषयांना द्या, तिला कसोटी लावू नका. संयोजिकेचं उत्तर असं की मग उरलेल्या दोन खोल्यांत तिघांना बसवावं लागेल आणि तक्ता जुळत नाही. त्यापेक्षा योगदानाच्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी वेगळी खोली काढू. नवी समिती हे ठरवेल. तिच्यासाठी दोन गोष्टी आधीच पक्क्या झाल्या आहेत: सहांत किमान एक सदस्य कोड न लिहिणारा असेल, आणि खोल्या वाटण्याआधी नोंदणीचे आकडे समोर ठेवले जातील.